पेट्यांच्या दुकानामागचे पगारे सर

पगारे सर दारू पीत नव्हते. एवढं एक वाक्य मला एका दुपारी तीन माणसांसमोर बोलायचं होतं, आणि मी ते बोललो नाही. आता लिहून काही होणार नाही, हे मला कळतं. तरी त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला सुरुवात ह्याच वाक्यानं करावी लागते.

नाशिकच्या जुन्या गावातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा ऐंशी साल उजाडायला तीन-चार वर्षं होती. मी चोवीस वर्षांचा होतो. सटाण्याकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. बोलता बोलता तोंडातून 'आहे'ऐवजी 'शे' निघून जायचं आणि शिक्षकांच्या खोलीत हसू पसरायचं. पहिल्या आठवड्यात असंच सगळे हसले, तेव्हा खिडकीजवळ बसलेले एक शिक्षक वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, "भामरे, तुम्ही खुशाल अहिराणीत शिकवा. गुरुत्वाकर्षण तसंही कुणाला कळत नाही."

ते पगारे सर. इतिहास-भूगोल शिकवायचे. वय बेचाळीस-त्रेचाळीस, अंगानं सडपातळ, चेहरा उन्हानं रापलेला. एकलहऱ्याजवळच्या एका खेड्यातून रोज सायकलवर यायचे. इतक्या लांबून येऊनही त्यांच्या पांढऱ्या शर्टाला सुरकुती दिसायची नाही. तांब्यात निखारे घालून शर्टाला ते स्वतः इस्त्री करायचे आणि त्याचा त्यांना अभिमान होता. वर्गात शिरताना पँटला लावलेली सायकलची क्लिप काढून खिशात टाकायची, त्याच खिशातून खडू काढायचा आणि फळ्यावर हात न उचलता महाराष्ट्राचा नकाशा काढायचा. मुलं श्वास रोखून बघत बसायची. मग ते वळून विचारायचे, "काय राहिलं?" वर्षभरात मुलांना उत्तर पाठ झालेलं असायचं. उत्तर दिशेचा बाण राहिलेला असायचा.

"दिशा आधी, गावं नंतर," हे त्यांचं पालुपद होतं. बाण न काढता दिलेला नकाशा ते न तपासता परत करायचे, मग तो कितीही सुबक असो. मुलांना हवा कुठून वाहते हे सांगताना ते पुस्तक बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "आज सकाळी एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमणीचा धूर गोदावरीकडे झुकला होता. सांगा, वारा कुठला?"

स्वभावानं मात्र गोड म्हणता येणार नाही. कौतुक त्यांच्या तोंडून निघायचं नाही आणि कुणी त्यांचं केलेलं त्यांना खपायचं नाही. एकदा संस्थेच्या कार्यक्रमात एक पाहुणे त्यांना म्हणाले, "पगारे, तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो." सर म्हणाले, "तुमचंही बरं आहे." पाहुण्यांना ते नीट कळलं नाही. आम्हाला कळलं, पण आम्ही चहाच्या कपात बघत राहिलो.

मधल्या सुट्टीत डबे उघडायची वेळ झाली की दोन-तीन जणांना नेमकं काहीतरी काम आठवायचं. ते उठून जायचे. पगारे सर त्यांच्या पाठीकडे क्षणभर बघायचे आणि भाकरी मोडायचे. त्यांच्या डब्यात एक भाकरी नेहमी जास्त असायची. "भामरे, या," म्हणायचे. मी खोली घेऊन राहत होतो, सकाळी पावावर भागवायचो. मी जायचो. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं की ते म्हणायचे, "बागलाणात मिरची होत नाही का?" दोन वर्षं मी त्यांची ती भाकरी खाल्ली.

आमच्या शाळेत खैरनार नावाचे व्यायामशिक्षक होते. मोकळा, हसरा माणूस. दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात आमच्या मुलांनी कबड्डीची ढाल आणली, त्या संध्याकाळी ते मला म्हणाले, "चला, आज तुम्हाला नाशिक दाखवतो." मला वाटलं, मिसळ खायला नेतील.

भद्रकालीच्या बाजूच्या एका बोळात पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. लग्नात मुलीला देतात तशा, फुलं रंगवलेल्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या. खैरनार दुकानदाराशी काही न बोलता पेट्यांच्या दोन रांगांमधून आत शिरले. मी मागोमाग. पलीकडे गोणपाटाचा पडदा होता, त्याच्यामागे खोली. चार टेबलं, एक पिवळा दिवा, भिंतीवर एका अगरबत्तीच्या कंपनीचं कॅलेंडर. देशी दारू, उकडलेली अंडी आणि कांदा घातलेला चिवडा यांचा एकत्र वास. त्या काळी प्यायलासुद्धा परवाना लागायचा. परवाना आमच्याकडे नव्हता आणि खोलीच्या मालकाकडेही नव्हता. माणसं हळू आवाजात बोलत होती. कोणी कोणाचं नाव घेत नव्हतं.

मी तोवर दारूला शिवलो नव्हतो. खैरनारांनी नारिंगी दारूचा ग्लास पुढे सरकवला. मला भीती वाटत होती आणि मजाही वाटत होती. आपण आता शहरातले झालो, असं काहीतरी मनात आलं. दोन घोट घेतल्यावर माझी नजर कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेली. तिथं आमचे उपमुख्याध्यापक वैद्य सर टेबलावर डोकं टेकून बसले होते.

वैद्य सर म्हणजे नाशिकातलं गणितातलं मोठं नाव. करड्या केसांचे, कडक, स्वच्छ धोतर. त्यांच्यासमोर मुख्याध्यापकसुद्धा जपून बोलत. मी ग्लास खाली ठेवून उठायला लागलो, तर खैरनारांनी माझं मनगट दाबलं. "बसा. ते कुणाला बघत नाहीत. मुलगा गेल्यापासून असंच आहे. आता बघा, न्यायला माणूस येईल."

थोड्या वेळानं पडदा सरकला आणि पगारे सर आत आले. पँटला क्लिप तशीच होती. हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. त्यांनी खोलीवर नजर फिरवली. ती माझ्यावर आली, माझ्या ग्लासवर आली आणि पुढे गेली. चेहरा जरासुद्धा हलला नाही. ते वैद्य सरांच्या शेजारी बसले. हात लावला नाही, हाक मारली नाही. गठ्ठ्यातली एक उत्तरपत्रिका काढून त्यांच्यासमोर ठेवली.

"सर, ह्या बेरजेत चूक आहे."

वैद्य सरांनी बऱ्याच वेळानं डोकं उचललं. "कुठं?"

"हा विद्यार्थी बासष्टवर बसलाय. मला एकोणसत्तर येतात."

"तपासलं कुणी?"

"तुम्ही."

वैद्य सर सरळ झाले. चष्मा शोधला, कागद डोळ्यांजवळ नेला. "दिसत नाही इथं."

"म्हणूनच म्हटलं. घरी उजेडात बघू."

"चूक माझी असेल तर त्या पोराचं नुकसान होईल."

"तेच ना, सर."

आणि वैद्य सर उभे राहिले. स्वतःहून, टेबलाचा आधार घेत. पडद्यापर्यंत आले आणि तिथं त्यांचा तोल गेला. पगारे सरांनी एक बाजू सावरली. मागे न बघता ते म्हणाले, "भामरे, दुसरी बाजू धरा."

मी उठलो. खैरनार तिथंच बसून राहिले.

बोळाच्या तोंडाशी टांगा उभा होता, त्या टांगेवाल्यालाही सवयीचं असावं. होळकर पुलावरून आम्ही पंचवटीत गेलो. वाटेत वैद्य सर उत्तरपत्रिका छातीशी धरून आकडे पुटपुटत होते. घराचं दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. त्यांनी काही विचारलं नाही. नवऱ्याला आत घेतलं, मग दारात येऊन म्हणाल्या, "पाणी घेता का?"

"नको वहिनी, सायकल तिकडं राहिलीय," पगारे सर म्हणाले.

मी आत डोकावलो तेव्हा त्या मला म्हणाल्या, "तुम्ही या ना आत." पगारे सर ओट्याच्या पायरीवर उभे होते. मी आत गेलो नाही. पण तो फरक माझ्या लक्षात आला आणि त्याबद्दल मी त्यांना काही बोललो नाही.

परत आम्ही पायी आलो. पुलावर वारा होता. मला वाटलं, आता हे मला दारूबद्दल चार शब्द सुनावतील. मीच घाईनं म्हणालो, "सर, मी आज पहिल्यांदाच..."

"मी विचारलं का?"

थोडं चालल्यावर मी विचारलं, "ती चूक खरंच होती का?"

"मीच करून आणतो. शिसपेन्सिलीनं. दर वेळी नवीन करावी लागते, जुनी ते ओळखतात." ते किंचित हसले. "माझे वडील प्यायचे. आई त्यांना आणायला जायची. हात धरून ओढायची, रडायची. ते कधी आले नाहीत. माणूस ओढून उठत नाही, भामरे. त्याला उठायला काहीतरी कारण लागतं."

"पण तुम्ही का? घरचं कोणी..."

"मी इथं मुलाखतीला आलो तेव्हा पाच जण बसले होते. चौघांनी माझं आडनाव वाचलं. वैद्य सरांनी माझी गुणपत्रिका वाचली." दुकानाजवळ सायकल घेताना म्हणाले, "तुम्ही आज तिथं होतात हे मी विसरलो. वैद्य सरांना पाहिलंत हे तुम्ही विसरा."

मी हो म्हणालो. त्यांनी मागितलं होतं त्याहून कितीतरी जास्त विसरायला मी पुढे तयार होणार होतो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात शाळेतली पर्यवेक्षकाची जागा रिकामी झाली. ज्येष्ठतेनं ती पगारे सरांची होती. जूनमध्ये संस्थेच्या अध्यक्षांना एक निनावी पत्र आलं. शाळेतले एक शिक्षक आठवड्यातून दोन-तीनदा अमुक बोळातल्या गुत्त्यात जातात, असं त्यात लिहिलेलं होतं. नाव पगारे सरांचं होतं. पत्र कुणी लिहिलं हे कधी कळलं नाही. ते खोटं नव्हतं, ही त्यातली अडचण होती.

चौकशीला तिघे बसले. अध्यक्ष, मुख्याध्यापक, आणि उपमुख्याध्यापक म्हणून वैद्य सर.

आम्हाला एकेकाला बोलावणार होते. आदल्या दिवशी खैरनार मला प्रयोगशाळेत गाठून म्हणाले, "आपण तिथं कधी गेलोच नव्हतो, समजलं? तुमची नोकरी अजून कायम झालेली नाही." ते सांगायची गरज नव्हती. माझं कायम होण्याचं पत्र त्याच महिन्यात निघणार होतं. गावाकडे वडिलांनी माझ्या नोकरीच्या जोरावर बहिणीचं लग्न ठरवलं होतं. ही कारणं मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला सांगितली. पण खोलीत शिरताना त्यातलं एकही कारण माझ्या मनात नव्हतं. मनात नुसती भीती होती.

पगारे सर माझ्याआधी आत जाऊन आले होते. शिपायानं सांगितलं, त्यांना दोनच प्रश्न विचारले. तिथं जाता का? "जातो." कशासाठी? "काम असतं." बाकी ते काही बोलले नाहीत.

अध्यक्षांनी मला बसायला सांगितलं. सौम्य माणूस होते. "भामरे, तुम्ही पगाऱ्यांच्या जवळचे. सोबत जेवता म्हणे. ते पितात का हो?"

मी वैद्य सरांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या कागदाच्या कडा जुळवत होते. मला वाटलं, ते आता वर बघतील. काही म्हणतील. निदान खोकतील तरी.

"बोला. घाबरू नका."

'नाही, ते पीत नाहीत.' एवढंच म्हणायचं होतं. त्यासाठी कुणाचं नाव घ्यावं लागणार नव्हतं. मी तिथं गेलो होतो हेही सांगावं लागलं नसतं. दोन वर्षं रोज त्यांच्यासमोर बसून जेवणारा माणूस एवढं सहज म्हणू शकला असता. पण मला वाटलं, नाही म्हटलं तर विचारतील, तुम्हाला कसं माहीत? मग पुढचा प्रश्न येईल, त्याच्या पुढचा येईल.

मी म्हणालो, "मला काही सांगता येणार नाही, सर."

मुख्याध्यापकांनी ते वाक्य लिहून घेतलं. अध्यक्षांनी मान हलवली, त्यांना हवं ते समजलं होतं. खरं तर त्यांना ते आधीच समजलेलं होतं. पगाऱ्यांसारखा माणूस पितो, यावर विश्वास ठेवायला त्या खोलीत कुणाला फार पुरावा लागणार नव्हता. माझ्या वाक्यानं त्यांची सोय झाली. बाहेर येताना मी स्वतःशी म्हणालो, मी सरांना दिलेला शब्द पाळला. त्या शब्दाच्या आड मी बरीच वर्षं लपलो.

पर्यवेक्षकाची जागा सहा वर्षांनी कनिष्ठ असलेल्या एका शिक्षकाला मिळाली. पंधरा दिवसांनी मी कायम झालो. शिक्षकांच्या खोलीत मी पेढे वाटले. पगारे सरांनी पेढा घेतला, अर्धा मोडून खाल्ला आणि अर्धा डब्याच्या झाकणात ठेवला. "अभिनंदन," म्हणाले.

मधल्या सुट्टीत त्यांनी नेहमीसारखं म्हटलं, "भामरे, या." मी म्हणालो, प्रयोगशाळेत काम आहे. दुसऱ्या दिवशीही म्हणालो. आठवडाभर ते बोलावत राहिले, मग थांबले. डबा उघडायच्या वेळी उठून जाणाऱ्यांत आता मी होतो.

बातमी मुलांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. एकदा मी नववीच्या वर्गावरून जात होतो. कुणीतरी फळ्यावर मोठी बाटली काढून ठेवली होती आणि पगारे सर तिच्यासमोर उभे होते. वर्ग चिडीचूप. मी दाराआड थांबलो. सरांनी खडू घेतला, बाटलीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना डोंगराच्या रेघा काढल्या, पोटात चार होड्या काढल्या आणि म्हणाले, "तोंड अरुंद, आत पाणी ऐसपैस. वादळात जहाजं सुरक्षित. ह्याला नैसर्गिक बंदर म्हणतात. लिहून घ्या." मग ज्यानं ती काढली असेल त्याला उद्देशून, आवाज न चढवता म्हणाले, "आकृती चांगली आहे. बाण राहिला."

मी आत जाऊन मुलांना काहीतरी बोलू शकलो असतो. मी पुढच्या तासाला निघून गेलो.

आणि ते पेट्यांच्या दुकानात जातच राहिले. संध्याकाळी सायकल उलट दिशेला वळलेली मी कितीदा पाहिली. वैद्य सर निवृत्त झाले त्या समारंभात त्यांनी प्रत्येक सहकाऱ्याचं नाव घेऊन आभार मानले. पगारे सरांच्या नावाशी येऊन ते थांबले, पाणी प्याले आणि पुढच्या नावाकडे गेले. त्यानंतरच्या जूनमध्ये पगारे सरांनी संस्थेच्या डोंगरातल्या हरसूलच्या शाखेत स्वतःहून बदली मागून घेतली. तिकडे कुणीच जायला तयार नसायचं, त्यामुळे ती लगेच मिळाली. निरोप समारंभ झाला नाही. मला ते गेल्याचं फळा कोरा दिसला तेव्हा कळलं.

आठ वर्षांनी मला परीक्षेच्या कामासाठी हरसूलला पाठवलं. वैद्य सर तोवर वारले होते. माझं लग्न झालं होतं, मला मुलगा होता. शेवटचा पेपर संपला त्या दिवशी तिथला आठवडे बाजार होता. शाळेच्या व्हरांड्यात पगारे सर भेटले. केस पांढरे झाले होते. शर्ट तसाच कडक. "या, चहा घेऊ," म्हणाले, जणू काल भेटलो होतो.

त्यांच्या खोलीत ते तिथल्या मुलांबद्दल बोलत राहिले. "ह्यांना डोंगर पाठ आहेत. कुठल्या ओढ्याला कधी पाणी येतं ते पाठ आहे. पुस्तकातली नावं तेवढी येत नाहीत. ती मी देतो. बाकी भूगोल मीच शिकतोय." इतके मोकळेपणानं बोलताना मी त्यांना नाशिकात कधी पाहिलं नव्हतं.

चहा संपला. मी कितीतरी वर्षं मनात घोळवलेलं बोलायला लागलो. "सर, त्या चौकशीच्या वेळी..."

त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्ही काय म्हणालात ते मला माहीत आहे. मुख्याध्यापकांनी वाचून दाखवलं होतं."

"मी घाबरलो होतो. मला माफ..."

"थांबा." आवाज शांत होता. "वैद्य सरांचं मला समजलं. त्यांनी तोंड उघडलं असतं तर त्यांच्याकडे काही उरलं नसतं. खैरनारांकडून मी अपेक्षा केली नव्हती. तुमच्याकडून केली होती. एका शब्दाची." त्यांनी रिकामा कप बाजूला सारला. "तुम्ही माफी मागितलीत तर मला ती द्यावी लागेल, भामरे. चांगला माणूस म्हणून द्यावी लागेल. आणि मला ती द्यायची नाही. तेवढं माझ्याकडे राहू द्या."

त्यांनीच विषय बदलला, माझ्या मुलाचं नाव विचारलं, कितवीत आहे ते विचारलं. मग उठून म्हणाले, "चला, एसटीपर्यंत येतो. बाजारही करायचाय."

थांब्यावर बस उभी होती. ते कंडक्टरला नावानं ओळखत होते. त्याला सांगून त्यांनी मला खिडकीची जागा मिळवून दिली. "घाटात डावीकडे बघा," म्हणाले, "दरी चांगली दिसते." आणि उतरून बाजारात गेले.

मला ते खिडकीतून दिसत होते. एका बाईनं फडक्यावर लसणाच्या गड्ड्या मांडल्या होत्या. ते तिच्यासमोर उकिडवे बसले. एकेक गड्डी उचलून, कानाजवळ हलवून, पारखून बाजूला ठेवत होते. बाई काहीतरी बोलली, त्यावर ते मोठ्यानं हसले. मी त्यांना तसं हसताना कधी ऐकलं नव्हतं. पाठ माझ्याकडे होती. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

बस सुटायला अजून वीस मिनिटं होती. मी उतरलो नाही.